कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर म्हणे अर्ध्या दिवसात उरकतं! कोणाचं उरकलं?

घारूअण्णा:
परवा इथेच एका ताईंनी विचारलं होतं की मे महिन्यात आईबाबा येतायत, अ‍ॅनाहाइमला दोन दिवस आहेत, कसे वाटून घेऊ. त्यावर 'सातासमुद्रापार' या आयडीचं उत्तर: "दोन्ही दिवस डिस्नेलँडला द्या, समोरचं दुसरं डिस्ने पार्क, कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर, संध्याकाळी पार्क हॉपरवर (एकाच दिवसात दोन्ही पार्कांत जाता येतं ते तिकीट) उरका, तिथे अर्ध्या दिवसाचाही ऐवज नाही." विषय संपला! आणि लोक खाली अंगठे दाखवतायत.

अहो हे मत २००१ सालचं आहे. दरवर्षी कोणीतरी त्याला शिळ्या भातासारखी फोडणी देऊन वाढतो. फेब्रुवारी २००१ मध्ये डिस्नेलँडच्या पार्किंगच्या जागेवर हे पार्क उघडलं तेव्हा खरंच रडकथा होती, मान्य. राइड्स मोजक्या, त्यातली लिमोझिनची एक राइड तर वर्षभरसुद्धा टिकली नाही. पण मग २००७ पासून एक अब्ज डॉलरच्या वर खर्च करून ते जवळजवळ नव्याने बांधलं, २०१२ ला 'कार्स' सिनेमावरचं कार्स लँड आलं, २०२१ ला मार्व्हलच्या सुपरहिरोंचं अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस. तुम्ही शेवटचं कधी गेला होतात साहेब?

माझे बाबा ७१ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. डिस्नेलँडच्या दिवशी त्या गर्दीत आणि बाबागाड्यांच्या चक्रव्यूहात दुपारी दोनलाच म्हणाले मला हॉटेलवर सोड. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरला? रात्रीपर्यंत टिकले. सोअरिंगमध्ये (मोठ्या पडद्यासमोर उडवत जगभर फिरवणारी राइड) दोनदा बसले कारण त्यात ताजमहाल येतो आणि फुलांचा वास सोडतात (लग्नाला ४५ वर्षं झाली, आग्र्याला काही आईला नेलं नाही, ताजमहाल दाखवला तो अमेरिकेत, यावर आईचं अजून ऐकतायत). मग बेकरीत काचेपलीकडे पाव कसा करतात ते बघत उभे. ग्रिझली पीकच्या झाडांखाली बाकावर एक डुलकी. असा दिवस घालवता येतो हो, दर वेळी धावलंच पाहिजे असं नाही.

सातासमुद्रापार:
शंभर डॉलरच्या वर तिकीट काढून पाव बघितला आणि डुलकी काढली, म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध झाला की. 😀

मागच्याच वर्षी गेलो होतो. गेट उघडायच्या आधी हजर, कार्स लँडच्या रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स राइडला सिंगल रायडरने (एकेकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग) घुसलो, मग गार्डियन्स, इनक्रेडिकोस्टर, वेब स्लिंगर्स या राइड्स, दुपारी एकला सगळं आटोपलं. उरलं काय? टॉय स्टोरी मिडवे मेनिया, सोअरिंग, लिटल मर्मेड हे सगळं फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्येही आहे. डिस्नेलँडची गोष्ट वेगळी. १९५५ चं पार्क, वॉल्ट डिस्ने स्वतः जिथे फिरले ते हे एकच. मेन स्ट्रीटला फायर स्टेशनच्या वर त्यांची खोली आहे, तिच्या खिडकीत अजून त्यांच्यासाठी दिवा ठेवतात. याची सर समोरच्याला कशी येणार?

माहेरवाशीण:
सिंगल रायडर! लग्न झालंय ना तुमचं? मुलं आहेत ना? सात वर्षांखालच्या पोराला त्या रांगेत घेतच नाहीत, आणि घेतलं असतं तरी मी त्याला अनोळखी माणसांच्या शेजारी सोडणारे का.

आमचा धाकटा घरी भिंतीवर पेन्सिलची खूण करून मोजला तेव्हा बरोब्बर ४० इंच होता. तिथे पट्टीखाली उभा केला तर अर्धा इंच कमी! राइडला किमान उंची लागते: रेसर्सला ४०, सोअरिंगला ४०, ग्रिझली रिव्हर रनला ४२, इनक्रेडिकोस्टरला तर ४८. पोरगं असं रडलं की बाकीचे लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि नवरा म्हणतो तू मोजताना बूट का नाही काढलेस. मग रायडर स्विच, म्हणजे एकाने धाकट्याजवळ थांबायचं, एकदा मी थोरलीबरोबर एकदा तो, एका राइडला दोन राइडचा वेळ. तुमचं एकला आटोपलं, आमच्या एकला जेमतेम दोन राइड झाल्या होत्या. मग डबा काढून सावलीत बसलो.

स्पष्टच_बोलतो:
डबा? डिस्नेमध्ये डबा?? इतके डॉलर कमावून पण सुटत नाही का हो ते. आजूबाजूला माणसं चुरो खातायत आणि आपण फॉइल उलगडून पोळीभाजी आणि लोणच्याचा घमघमाट. मला तर बाजूने जाताना पण लाज वाटते.

माहेरवाशीण:
लाज तुमची तुम्ही सांभाळा, आम्ही दशम्या सांभाळतो. नियम वाचा आधी. बाहेरचं खाणं चालतं, गरम करावं लागेल असं काही नको आणि काचेच्या बरण्या नकोत, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत. चार माणसांच्या जेवणाचे तिथे काय होतात ते बिल स्वतः भरलंय का कधी, की कंपनीच्या पैशाने गेला होतात? आणि माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदालसूणसुद्धा खात नाहीत, त्यांना काय लॉब्स्टर नाचोज खायला घालू?

ठाणेकर:
ताई +१. निदान तिकडे नेऊ तरी देतात. आपल्याकडच्या एका पार्कात (नाव घेत नाही) गेटवर आईच्या पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढून टेबलावर ठेवायला लावल्या. आई त्या टेबलापाशीच उभी राहून म्हणाली, टाकणार नाही, इथेच संपवते. आम्ही सात जणांनी गेटबाहेर उन्हात उभं राहून चाळीस पुऱ्या संपवल्या आणि मग आत जाऊन झोपाळ्यावर बसलो. पुढचं विचारू नका.

कोकणचो_माणूस:
😂😂 आमच्या आईने ग्रिझली रिव्हर रन साडीत केली. नको म्हणत होतो, पण "काही होत नाही रे, होडीच तर आहे". ती गोल होडी फिरत फिरत नेमकी तिचीच बाजू पाण्याखाली घेऊन गेली. दुकानातल्या टीशर्टची किंमत बघून म्हणाली, वाळेन मी आपोआप. दोन तास उन्हात बसून वाळली. बाबा म्हणे, रत्नागिरीत हेच फुकट होतं.

आमचा अर्धा दिवस असा गेला, घ्या हिशोबात.

स्पष्टच_बोलतो:
सासूबाईंसाठी ठीक. पण मग पार्कातून बाहेर पडून आर्टीशियाच्या पायोनियर बुलेवार्डला, त्या देशी दुकानांच्या रस्त्याला जा ना, काही लांब नाही, गर्दी नसेल तर अर्धा तास. तिथे डोसा, चाट, काय हवं ते बसून खा.

माहेरवाशीण:
म्हणजे भरदुपारी पार्किंगपर्यंत जा, गाडी काढा, फ्रीवेला लागा, डोसा खा, परत या, परत सिक्युरिटी. आणि मग तुमचे सातासमुद्रापार म्हणणार, पार्कात अर्धाच दिवस पुरतो!

इंद्रायणी_तांदूळ:
डब्याचा विषय निघालाच आहे तर दशम्या आणि थेपले यात गोंधळ करू नका प्लीज. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. मेथी घातली की लोक त्याला थेपला म्हणतात हे मला अजिबात मान्य नाही.

बाय द वे नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या फेस्टिव्हल ऑफ हॉलिडेजमध्ये दिवाळीपण असते. आणि ती समोरच्याच "अर्ध्या" पार्कात बरं का. पण दिवाळी म्हणजे बॉलिवूडचा नाच. फराळाचं, किल्ल्याचं नाव नाही. असो.

घारूअण्णा:
मंडळी, माझा धागा पार डब्यात गेलाय.

सातासमुद्रापार, एकच विचारतो. संध्याकाळी कार्स लँडमध्ये थांबला होतात? ते जुनं गाणं लागतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे निऑन दिवे पेटत जातात तेव्हा? आणि नंतर तळ्यावरचा कारंज्यांचा आणि रंगीत दिव्यांचा शो, वर्ल्ड ऑफ कलर? तुम्ही तर एकला बाहेर. अर्धं जेवून ताटावरून उठायचं आणि वर म्हणायचं जेवणात काही नव्हतं.

सातासमुद्रापार:
नाही थांबलो. समोर डिस्नेलँडमध्ये होतो, आतषबाजी बघत.

बरं बाबा, घ्या. ज्यांच्याबरोबर वाळायला घातलेली आई, डुलकी काढणारे बाबा, साडेएकोणचाळीस इंची पोरगं आणि दशम्यांचा डबा आहे त्यांना तिथे पूर्ण दिवस लागतो. कमीच पडेल म्हणा. एकट्यादुकट्याला अर्धाच, यावर मी ठाम आहे. आणि बिअर मोकळेपणी मिळते हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, नाहीतर माझाच मुद्दा गेला असता.

कोकणचो_माणूस:
हे आधी सांगायचंत ना!! मी दोन दिवस तिकडेच काढले असते.

नवीन_पाखरू:
प्रश्न मीच विचारला होता. एक दिवस डिस्नेलँड, एक दिवस कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर, हॉपर नको, असं बुक केलंय. आईला ग्रिझलीवर जाऊ देणार नाही.

इंद्रायणीताई, दशम्यांना दूध कोमट घ्यायचं की गार?