आधी रॅक की आधी स्प्रिंग? घरी बांधलेल्या गाडीचा वाद

जिनिंगवाला, चोपडा
मंडळी, दीड वर्ष खपून शेडमध्ये एक गाडी बांधली. पाइपची चेसी, दोन सीट, बाकी सामान भंगारातल्या दोन मारुती 800 चं. एकीचं इंजिन आणि गिअरबॉक्स चाकं-नकलसकट (नकल म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो तुकडा) उचलून सीटच्या मागे बसवलं. दुसरीचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), नकल आणि रॅक (स्टेअरिंग फिरवलं की आडवी सरकून चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) पुढे लावले. जिनिंगच्या काट्यावर वजन भरलं 510 किलो. मे महिन्यात जिनिंग बंद असतं, आवार मोकळं, तिथेच फिरवतो. आरटीओचा धडा कुणी देऊ नका. गेटबाहेर ती ट्रॉलीवरच जाते.

दुखणं असं की 40 च्या पुढे गेलं की स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की गाडी उजवीकडे झेपावायची, उजवं चढलं की डावीकडे. ज्याला विचारलं त्याचं एकच, "स्प्रिंगा कडक आहेत, बदलून टाक." अॅडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) मागवायला निघालोच होतो. त्याआधी एका संध्याकाळी पुढची स्प्रिंग काढली, चाकाला प्लायची फळी बांधली आणि नकलखाली जॅक लावून चाक हळूहळू वर नेलं. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून चेसीला ताणलेल्या सुतळीपर्यंतचं अंतर दर 10 मिमीला पट्टीने मोजत गेलो. 50 मिमी वर जाईपर्यंत चाक 9 मिमी आत वळलं! स्टेअरिंग तर दोरीने बांधून ठेवलेलं होतं.

कारण सापडलं. बॅटरीला जागा हवी म्हणून रॅक मी मूळ जागेपेक्षा 20 मिमी वर बसवला होता. त्यामुळे टाय रॉड (रॅक आणि नकल जोडणारी सळई) एका कमानीत फिरतो आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) दुसऱ्या, म्हणून चाक वर गेलं की आपोआप वळतं. रॅक खाली घेतला, आता तेच 9 मिमी 1 मिमीच्या आत आलंय. खर्च म्हणाल तर दोन नवे कंस आणि चार बोल्ट.

म्हणून माझं मत: घरच्या गाडीत स्प्रिंगवर पैसा घालण्याआधी रॅकची उंची मोजा. पटत नसेल तर बोला.

लळिंग घाट
नाही पटत. रॅक खाली घेतला ते चांगलंच केलंस, पण तुझं आवार म्हणजे रस्ता नव्हे. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा ठिकाणी चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच स्टेअरिंगला अर्थ. चाक हवेत असताना टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बरोबर असला काय अन् नसला काय! आधी स्प्रिंग आणि शॉकअप, मग तुझी ती फळी अन् सुतळी.

तापीकाठ
भो, हाई खरं से. माझ्या भावाने असंच एक बग्गीचं धूड बांधलंय, केळीच्या बागेत फिरवतो. त्याने टायरमधली हवा 30 वरून 18 पीएसआयवर आणली आणि निम्मी उडी तिथेच गेली. 500 किलोच्या गाडीला 30 कशाला?

जिनिंगवाला, चोपडा
हवा मीही 20 वर आणली, फरक पडतो. पण लळिंगभाऊ, स्प्रिंग कितीही मऊ घाला, चाक वर गेल्यावर स्वतःहून वळत असेल तर मऊ स्प्रिंगवर ते जास्त वर जाईल आणि जास्त वळेल. म्हणजे तुमच्या औषधाने माझा आजार वाढलाच असता.

जुना फिटर, भुसावळ
दोघेही अर्धं बोलताय. जिनिंगवाल्या, मोजताना चाक कुठून सुरू केलंस? इंजिन मागे गेलंय. पुढच्या स्प्रिंगा त्याच ठेवल्यास, ज्या इंजिनाचा भार पेलायला बनल्या. मग गाडी पुढून मान वर करून उभी असणार आणि लोअर आर्म खाली लोंबत असणार. त्या उंचीवर घेतलेलं माप काय कामाचं? आधी गाडी ज्या उंचीवर चालणार ती ठरव, दोघं माणसं बसव, आणि मग तिथून 50 वर आणि 50 खाली मोज. स्प्रिंगचा ताठपणा माहीत आहे का?

आणि स्टेअरिंगचा दांडा लांब कसा केलास? मूळ दांडा पुरला नसणार.

जिनिंगवाला, चोपडा
काका, काट्यावर स्प्रिंग ठेवून वरून जॅकने दाबली. 20 मिमी दबायला 32 किलो लागले, म्हणजे मिलीमीटरला 1.6 किलो. पुढच्या एका चाकावर, चाक-नकलचं वजन वजा करून, साधारण 95 किलो येतात.

जुना फिटर, भुसावळ
मग हिशेब कर. 95 भागिले 1.6 म्हणजे स्प्रिंग 59 मिमी दबते. मूळ गाडीत याच स्प्रिंगवर 175 किलोच्या आसपास भार धर, तिथे ती 109 दबते. म्हणजे तुझी गाडी पुढून 50 मिमी उंच उभी आहे, आणि 175 किलोखाली जी स्प्रिंग सेकंदाला दीड वेळा डोलते ती तुझ्या 95 किलोखाली दोन वेळा डोलते. त्याला लोक "कडक" म्हणतात. मिलीमीटरला 1 किलोची, याच लांबीची स्प्रिंग घातलीस तर गाडी 36 मिमी खाली येईल आणि डोलणं 1.6 वर. शॉकअपही मग हलका लागेल, नाहीतर चाक खड्ड्यातून वर येऊन वेळेत परत खाली उतरणारच नाही.

लळिंग घाट
तेच मी पहिल्यापासून म्हणतोय. आधी स्प्रिंग.

शिरपूरचा टर्नर
नवी स्प्रिंग कशाला? कटरने दीड वेटोळं उडवा, गाडी खाली बसेल. आणि पुढचा तो वाकडा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी सळई) काढून टाका, 510 किलोच्या गाडीला त्याचं काय काम.

जुना फिटर, भुसावळ
दोन्ही गोष्टी करू नकोस रे बाबा. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग आणखी ताठ होते. गाडी खाली बसेल, पण आदळेल जास्त. शिवाय चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीवरून सुटते आणि परत भलतीकडेच बसते. आणि 800 मधला तो बार नुसता झोल थांबवत नाही. लोअर आर्म चेसीला एकाच ठिकाणी आडवा धरलेला असतो, त्याला पुढे-मागे धरतो तो हा बारच. काढलास तर पहिल्या ब्रेकला चाक मागे जाऊन मडगार्डला घासेल.

शिरपूरचा टर्नर
बाराचं माहीत नव्हतं. मागे घेतो. स्प्रिंगचं मात्र आम्ही टेम्पोला कितीदा केलंय.

जुना फिटर, भुसावळ
टेम्पोवर दोन टन माल असतो. याच्यावर दोन माणसं.

जिनिंगवाल्या, मागच्या चाकांचं बोललाच नाहीस. तीही पुढचीच नकल आहेत ना? त्यांना वळायचा हात असतो. तो कुठे बांधलास?

जिनिंगवाला, चोपडा
छोटी लिंक करून चेसीला बोल्ट केली. दोन्ही बाजूंनी टाय रॉड एंड आहेत, ढिलं नाही.

जुना फिटर, भुसावळ
लांबी किती?

जिनिंगवाला, चोपडा
180 मिमी. मूळ टाय रॉड 300 च्या आसपास होता, पण गिअरबॉक्सशेजारून चेसीचा पाइप जातो, म्हणून कंस बाहेरच्या बाजूला घेतला.

जुना फिटर, भुसावळ
मग फळी मागे बांध. उद्या सांग.

जिनिंगवाला, चोपडा
आज सकाळी उन्हाआधी मोजलं, दहानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पान्हा हातात धरवत नाही. मागचं चाक 50 वर नेलं, 7 मिमी बाहेर वळलं. 50 खाली सोडलं, तेव्हाही जवळपास तितकंच बाहेर. म्हणजे वर जा नाहीतर खाली जा, आखूड लिंक नकलचा हात आत ओढते आणि चाकाचं तोंड बाहेर फिरतं. वळणावर मागचा भाग निसटतो तो यामुळेच, आणि मी दोन महिने टायरला शिव्या घालत होतो.

लळिंगभाऊ, आता सांगा. मऊ स्प्रिंग मागे घातली असती तर हे कमी झालं असतं का?

लळिंग घाट
नसतं. मागचं मान्य. पण पुढची उंची न ठरवता रॅक बसवलास ते चूकच, आणि काकांनी आकडे मांडल्यावरही तू "आधी रॅक"च म्हणतोयस. नव्या स्प्रिंगवर 36 मिमी खाली आल्यावर परत मोज. तेव्हा तुझा 1 मिमी किती उरतो बघू.

जिनिंगवाला, चोपडा
मोजेन. लोअर आर्म आणि रॅक यांची एकमेकांतली जागा मूळ गाडीसारखी असेल तर उंचीने फार फरक पडू नये, असं मला वाटतं.

जुना फिटर, भुसावळ
असेल तर. लोअर आर्मचे कंस तूच वेल्ड केलेस ना? मूळ गाडीचं माप कशावरून घेतलंस?

जिनिंगवाला, चोपडा
भंगारातल्या सांगाड्यावरून, टेपने. ओळंबा लावला होता. एका बाजूला 3 मिमीची चूक आहे, माहीत आहे.

मागच्या लिंकसाठी पाइपला वळसा देऊन कंस आत नेतोय. तोच पाइप सीटबेल्ट धरतो, म्हणून कापणार नाही, शेजारून दुसरा टाकून मग मोकळा करणार.

तापीकाठ
काकांच्या दांड्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

जिनिंगवाला, चोपडा
140 मिमी कमी पडत होता. मधे पाइप घालून दोन्हीकडून वेल्ड केलाय. वेल्ड चांगलं आहे, ग्राइंडरने घासून रंगवलंय.

शिरपूरचा टर्नर
आम्ही ट्रॅक्टरला असंच केलंय, 8 वर्षं चालतोय.

जुना फिटर, भुसावळ
ट्रॅक्टर 20 ने चालतो आणि स्टेअरिंगचा दांडा चालवणाऱ्याच्या छातीसमोर सरळ नसतो. वेल्डच्या कडेला लोखंड तापून ठिसूळ होतं. तिथे चीर पडली तर रंगाखाली दिसत नाही, आणि दांडा तुटतो तेव्हा आधी कळवून तुटत नाही. भंगारातल्या दुसऱ्या 800 चा दांडा घे. दाते असलेले योक (दांड्यावर बसणारे फाटे) आणि ते आवळणारे पिंच बोल्ट वापरून जोड, मधे दोन युनिव्हर्सल जॉइंट (वाकलेले असतानाही फिरणारे सांधे) कोनात टाक. मग टक्कर झाली तर दांडा दुमडेल, छातीत घुसणार नाही. दोन्ही जॉइंटचे योक एका रेषेत बसव, नाहीतर चाक फिरवताना स्टेअरिंग एकदा जड, एकदा हलकं लागेल.

तोवर गाडी शेडमध्ये उभी कर, आणि किल्ली घरात नेऊन ठेव. पोरं बसतात.

जिनिंगवाला, चोपडा
ठेवली काका. रंग खरवडून पाहतो आधी.