धास्तीची गोळी चार दिवस चुकली आणि कानातला आवाज दुप्पट झाला, असं का?

गोदाकाठ (नांदेड जिल्हा)
आईचं वय ५८. वर्षभरापासून दोन्ही कानांत सूंऽऽ असा बारीक आवाज. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मळ काढला, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली. पडदे चांगले आहेत, ४००० हर्ट्झच्या पुढचं (बारीक, उंच पट्टीचे आवाज) ऐकणं दोन्हीकडे कमी. आवाजाची धास्ती बसून झोप उडाली, म्हणून मानसोपचार डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम १० (धास्ती कमी करणारं) आणि क्लोनाझेपॅम ०.५ मिग्रॅ (शांत करून झोप आणणारं) अशी एकत्र गोळी रात्री दिली. पाच महिन्यांत धास्ती बरीच उतरली. मागच्या आठवड्यात गावाला जाताना गोळ्या घरीच राहिल्या. दोन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी धडधड आणि आवाज दुप्पट. गोळी सुरू केल्यावर उतरला. आता ती म्हणते, गोळीनंच कान बिघडवला, बंद करा. गोळी कमी करायची तर कशी? बीटाहिस्टिन १६ पण चालू आहे, त्याचा उपयोग होतो का?

औषधवाला
आईंना आधी हे सांगा की कान होता तसाच आहे. क्लोनाझेपॅम अंगातून सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणून दोन दिवस काही जाणवत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं एकदम अंगावर येतं: धडधड, घाम, उडालेली झोप, कानातला आवाज. एस्सिटॅलोप्रॅम तुटलं तरी भोवळ येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. एस्सिटॅलोप्रॅमनं क्वचित कुणाच्या कानात आवाज येतो हेही खरं, पण तो बहुतेक गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर येतो. आईंचा आवाज गोळीच्या आधीपासूनचा आहे.

खरी अडचण एकत्र गोळीची आहे. ती अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात. कमी करायचंय क्लोनाझेपॅम, कारण सवय त्याची लागते. ते खरं तर पहिल्या काही आठवड्यांपुरतंच असतं, एस्सिटॅलोप्रॅमचा गुण दिसायला २ ते ६ आठवडे जातात तोवरचा आधार म्हणून. प्रत्यक्षात तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने पुढे चालत राहते. डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "दोन्ही वेगळ्या लिहून द्या." मग एस्सिटॅलोप्रॅम १० ला हात न लावता क्लोनाझेपॅम पायरीनं उतरवता येतं: ०.५ वरून ०.३७५ (म्हणजे ०.२५ ची एक आणि अर्धी), मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. दर पायरीला किमान दोन आठवडे. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचं, खाली उतरायची घाई नको. आकडे डॉक्टर ठरवतील, कुणाला याहून सावकाश लागतं. जिभेवर विरघळणारी गोळी मोडली की बोटात भुगा होतो, अर्धी-अर्धी नीट होत नाही. साधी, मधे रेघ असलेली मागा.

मनानं एकदम बंद करू नका. क्लोनाझेपॅम झटक्यात सोडलं तर फिट येऊ शकते.

श्रवणतज्ज्ञ_लातूर
बीटाहिस्टिन हे मेनियर या आतल्या कानाच्या आजारातल्या चक्करीचं औषध. नुसत्या कर्णनादावर त्याचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. चक्कर नसेल तर चालू ठेवायचं का, हे कानाच्या डॉक्टरांना विचारा.

आवाज उठून दिसतो तो शांततेत. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत तो बुडालेला असतो. दिवाळीनंतर पंखा बंद झाला किंवा रात्री लाईट गेली की तोच आवाज मोठा वाटतो आणि माणूस म्हणतो, आजार वाढला. थंडीतही खोलीत काहीतरी मंद चालू ठेवा. पंखा भिंतीकडे तोंड करून, किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज, उशीपासून दोन हात लांब, इअरफोन न लावता. कानातला आवाज पूर्ण झाकू नका. दोन्ही एकमेकांत मिसळतील इतकाच ठेवा, कारण झाकला तर मेंदूला त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागत नाही. ४००० च्या पुढची तूट आहे तर श्रवणयंत्राची ट्रायल घ्या, कानाचं तोंड उघडं ठेवणारं. बाहेरचे बारीक आवाज कानी पडू लागले की आतला पुष्कळदा मागे सरतो.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर पुढच्या तपासण्या लागतात. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथं स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो.

अंबाजोगाईकर
आईंना बीपीची गोळी आहे का? तिच्यात लघवी वाढवणारं औषध असेल (नावापुढे बहुतेक एच किंवा सीटी असतं) तर एस्सिटॅलोप्रॅमसोबत रक्तातलं सोडियम घसरू शकतं. गळून जाणं, तोल जाणं, बोलण्यात घोळ दिसला तर लगेच तपासा. गुडघेदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक आणू नका, एस्सिटॅलोप्रॅमबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही जोराची वेदनाशामक गोळी तर नकोच. पॅरासिटामॉल चालतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.

धास्तीवर समुपदेशनाचा गुण गोळी उतरवताना फार उपयोगी पडतो. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलतात. कान आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात हवे असतील तर तुम्हाला नांदेडजवळ विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ, नाहीतर आमचं अंबाजोगाईचं.

गोदाकाठ
दोन्ही वेगळ्या झाल्या तर एस्सिटॅलोप्रॅम रात्रीच द्यायची का?

औषधवाला
डॉक्टरांना विचारून सकाळी नाश्त्यानंतर द्या, काहींची रात्रीची झोप तिच्यानं चाळवते. बदलाच्या दिवशी आदल्या रात्रीची एस्सिटॅलोप्रॅम वगळायची आणि सकाळपासून सुरू करायची, म्हणजे दुप्पट होत नाही. क्लोनाझेपॅम मात्र रात्रीच. आणि ती चालू आहे तोवर बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा राहू द्या. तिच्या गुंगीत उठताना तोल जातो.