खोडदला तीस अँटेना, मग चिलीत चारच दुर्बिणींत इन्फ्रारेड चित्र कसं काय?

कात्रजचा_बोगदा
विज्ञान दिनाला खोडदला जाऊन आलो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या, त्यांतून आकाशाचं चित्र. हे समजलं. घरी येऊन चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटीआयबद्दल, म्हणजे तिथल्या दुर्बिणी एकत्र जोडणाऱ्या व्यवस्थेबद्दल वाचलं. तिथलं मॅटिस हे उपकरण चारच दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून मिड-इन्फ्रारेडमध्ये चित्र काढतं. आणखी दुर्बिणी का जोडत नाहीत? आणि असल्या चित्राला फोटो म्हणायचं का? टीवाय फिजिक्सला आहे, गणित चालेल, पण बेताचं.

चाकण_थर्मल
मी खगोलवाला नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत थर्मल कॅमेऱ्याने इलेक्ट्रिक पॅनल तपासतो. पण माझा कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबी बघतो आणि मॅटिसचा एक पट्टा ८ ते १३चा, म्हणून बोलतो. पॅनलमधल्या चकचकीत बसबारसमोर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीसमोर) उभा राहिलो की त्यात माझंच पोट दिसतं. खोलीच्या तापमानाची कुठलीही वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त चमकते. म्हणजे पारानालला आरसे, प्रकाश नेणारा बोगदा, वरची हवा, सगळंच उजळलेलं, आणि ताऱ्याचा प्रकाश त्यात बुडालेला. उपकरण क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड पेटीत) गारठवता येतं, ८.२ मीटरचा आरसा कसा गारठवणार? म्हणून दुय्यम आरसा हलवून एकदा तारा, एकदा शेजारचं रिकामं आकाश असं आलटून पालटून बघतात आणि वजाबाकी करतात. शिवाय ही उष्णता प्रत्येक दुर्बिणीची आपापली असते, दोन दुर्बिणींत मिळून तिचे फ्रिंज, म्हणजे प्रकाश एकत्र आल्यावर उमटणारे उजळ-गडद पट्टे, पडत नाहीत. ताऱ्याचे पडतात. गोंगाट मात्र मागे उरतोच.

पाषाणवासी
काका, पोटाचं पटलं! दुर्बिणींच्या संख्येचं मी सांगते. रेडिओत सिग्नल आधी वाढवता येतो आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती काढून कुठल्याही डिशशी जुळवता येतात. इन्फ्रारेडमध्ये वाढवायला गेलं की क्वांटम गोंगाट घुसतो. चार्ल्स टाउन्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून ११ मायक्रॉनला तसं केलंही, पण अरुंद पट्ट्यात, म्हणजे ठळक तारेच. नाहीतर मूळ प्रकाशच आरशांवरून प्रयोगशाळेत आणायचा, डिले लाइनने (सरकत्या आरशांनी) प्रत्येक प्रकाशाच्या वाटेची लांबी मायक्रॉनच्या हिशेबात जुळवायची, आणि तो मोजकाच प्रकाश दुर्बिणींच्या सगळ्या जोड्यांत वाटायचा. माउंट विल्सनवरच्याच ‘चारा’ (CHARA) या प्रकल्पाने सहा दुर्बिणी जोडल्यात, पण निअर-इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे कमी तरंगलांबीला.

आता खरी गंमत. हवेमुळे प्रत्येक दुर्बिणीची फेज, म्हणजे लहरींचा ताल, बिघडते. तिघींच्या त्रिकोणात तिन्ही जोड्यांच्या फेज बेरजेत घेतल्या की हा बिघाड कटतो. याला क्लोजर फेज म्हणतात. चार दुर्बिणींत ६ जोड्या, पण स्वतंत्र क्लोजर फेज ३, म्हणजे फेजची निम्मी माहिती हातची गेली. जीएमआरटीत ४३५ जोड्या आणि ४०६ क्लोजर फेज. खोडदला चित्र सुखाने का येतं, ते इथे कळतं.

बदल्यात बारकावा मिळतो. दुर्बिणींत १३० मीटर अंतर आणि १० मायक्रॉन म्हणजे साधारण १६ मिलीआर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारकावा. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला तिथेच ०.३ आर्कसेकंद.

कात्रजचा_बोगदा
ताई, म्हणजे उरलेली निम्मी माहिती अंदाजाने भरायची?

पाषाणवासी
अंदाज म्हण, पण नियमातला. तेज ऋण नसावं, चित्र विनाकारण खडबडीत नसावं, असल्या अटी घालून भरतात. शिवाय वेगवेगळ्या रात्री छोट्या १.८ मीटरच्या दुर्बिणी जागा बदलून लावता येतात आणि पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात. तरी मी फोटो म्हणणार नाही. एनजीसी १०६८ ही दीर्घिका बघ, तिच्या केंद्रात कृष्णविवर आहे. व्हीएलटीआयच्याच ग्रॅव्हिटी या दुसऱ्या उपकरणाच्या गटाने २०२०मध्ये २ मायक्रॉनच्या चित्रात धुळीचं पातळ कडं पाहिलं. २०२२मध्ये मॅटिसने धुळीची तापमानं मांडली आणि कृष्णविवर त्या कड्याच्या मध्यात नसून दुसरीकडे, जाड धुळीमागे असल्याचं म्हटलं. दोन्हीकडे त्याच पारानालच्या दुर्बिणी. एकाच तरंगलांबीचं देखणं चित्र बघून निष्कर्ष काढू नये, असं माझं मत.

चाकण_थर्मल
आमच्याकडेही तेच. नुसता लाल डाग बघून कुणी पॅनल बंद करत नाही, आधी पृष्ठभागाची एमिसिव्हिटी (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) विचारतात.

कात्रजचा_बोगदा
मला स्वतःला डेटा हाताळता येईल?

पाषाणवासी
पारानाल चालवणाऱ्या ईएसओ या युरोपीय संस्थेच्या संग्रहात मिळतो, साधारण वर्षभराची राखीव मुदत संपली की. पण सुरुवातीला एनजीसी १०६८ नको, एखादा ठळक लाल राक्षसी तारा घे. आधी फक्त व्हिजिबिलिटीवर (फ्रिंज किती ठळक आहेत त्या मापावर) गोल चकतीचं मॉडेल बसवून व्यास काढ, क्लोजर फेजला नंतर हात लाव.