मदत हवी आहे: कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही लागते का?

मी डिचोलीची, वय ३१. पहिली मुलगी ५ वर्षांची आहे आणि पुढच्या महिन्यात दुसरं सिझेरियन ठरलंय. त्याच वेळी नळ्या बांधून घ्यायच्या आहेत. पण खासगी इस्पितळातल्या डॉक्टर म्हणतात, "नवऱ्याची सही आणा, नाहीतर जमणार नाही."

नवरा बोटीवर आहे, मार्चपर्यंत परतणार नाही. फोनवर बोलणं झालंय. त्याला मुलगा झालाच तर थांबायचं आहे. त्याचं म्हणणं मी ऐकलं, पण दोन्ही वेळा पोट माझंच कापलं जाणार. त्याच्या नसबंदीचा विषय काढला, तर तो बोलायलाच तयार नाही. तांबी बसवली होती, रक्तस्राव फार झाला म्हणून काढावी लागली. त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नका.

माझ्या वाचनाप्रमाणे केंद्र सरकारच्या नसबंदीच्या मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. हे डॉक्टरांना सांगितलं, तर "आमचा नियम आहे" एवढंच उत्तर मिळालं. नियम लेखी मागितला, तो दिला नाही.

वकील, कोर्ट यांना आता वेळ नाही. सासरी वाद वाढवायचा नाही, पण निर्णय बदलणार नाही.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात अलीकडे कुणी सिझेरियनसोबत फक्त स्वतःच्या सहीवर ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? आणि इतक्या उशिरा नाव नोंदवलं तर घेतात का?