सामाईक विहीर, तीन पंप: पाणी कसं वाटायचं?

प्रश्न: वीज आली की तिन्ही ५ एचपी पंप एकदम सुरू होतात, विहीर लगेच तळ गाठते. सोलर पंप घ्यावा का?

उत्तर १: आधी झरा, म्हणजे विहिरीत पाणी येण्याचा वेग, मोजा. उपसा थांबवून तासाभरात पातळी किती चढते ते टेपने बघा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंमी चढली, तर सुमारे २,८०० लिटर. पाणी जसं चढतं तसा झरा मंदावतो, म्हणून खालच्या पातळीलाच मोजा. त्यावर पाळी ठरवा. कोरडा पंप जळतो. ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपताच पंप बंद करणारं उपकरण) हवाच.

उत्तर २: सोलरने झरा वाढत नाही. उलट उपशाला वीज येण्या-जाण्याचा लगाम राहत नाही.

उत्तर ३: एका हेक्टरवर १ मिमी म्हणजे १०,००० लिटर. या हिशेबात ऊस बसणार नाही. हरभरा घ्या, फुलोऱ्याआधी आणि घाटे भरताना पाणी द्या. हिवरे बाजार या गावासारखा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि पिकांना किती लागेल याचा हिशेब, तिघांनी मिळून मांडा.