फुटलेला संच परत जमला, आणि नवीन काय वाजलं? : अनुभव धागा

खाडीपलीकडचा, रत्नागिरी

आमच्या वाडीत निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी जहाजावर असायचं. बाकीच्यांकडे परदेशी साबण नि चॉकलेटं यायची, आमच्या काकाच्या बॅगेत कॅसेटी. 1985 च्या गणपतीत त्याने डीप पर्पल या पाच जणांच्या इंग्रजी रॉक बँडची 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आणली. मी सातवीत होतो. आरत्या आटोपल्यावर माडीवर टेप लावला. दुसरी बाजू सुरू होते तीच त्या नावाच्या गाण्याने, आणि त्याच्या तोंडाला जॉन लॉर्डचा ऑर्गन. आजी खालून ओरडली, "पेटीचा भाता फाटला काय रे?"

हे पाच जण त्याआधी फुटले होते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पाचही जणांचा आधीचा अल्बम 1973 चा. त्याच वर्षी गायक गिलन आणि बास गिटारवाला ग्लोव्हर बाहेर पडले, 1976 ला बँडच संपला. 1984 ला परत जमले तेव्हा जुन्याच गाण्यांवर दौरे काढून पोट भरलं असतं. त्यांनी नवा अल्बम केला, आणि माझ्या मते त्यातली निम्मी गाणी जुन्यांच्या पंगतीला बसतात. तीन वर्षांनी 'द हाऊस ऑफ ब्लू लाइट' आला, तो मात्र बेताचाच. 1989 ला गिलनला काढून टाकलं. एकदा मनं जुळली म्हणजे कायमची जुळली असं नसतं, हे आम्हां भावकीवाल्यांना काय सांगायचं.

तर धाग्याची अट एकच. जुनंच परत वाजवलं ते मोजायचं नाही. जमल्यावर नवीन काय केलं, ते लिहा. बँड, भजनी मंडळ, बेंजो, नमन, खालूबाजा, काहीही चालेल.

हापूसवाला, देवगड

आमचं भजनी मंडळ 2004 मध्ये फुटलं. डबलबारी होती, म्हणजे दोन मंडळांचा समोरासमोर सामना. समोरच्या बुवांनी गजर (भजनातला चढत्या लयीचा नामघोष) असा चढवला होता की मंडप उठून उभा. आमच्या बुवांनी उत्तराला गजर घेतला, तो बसला नाही, आणि माईक तोंडासमोर असताना ते बोलून गेले, "पखवाज धावलो." म्हणजे लय पुढे पळाली. एवढंच. पखवाजवाल्याने बारी अर्ध्यात असताना पखवाजाला गवसणी घातली आणि उठून गेला. आवाज जड करायला डाव्या तोंडाला लावलेली कणीकसुद्धा काढली नव्हती.

दोघांच्या आंब्याच्या कलमांच्या मध्ये एकच गडगा, दगडी कुंपण. अकरा वर्षं त्या गडग्यावरून एक शब्द इकडचा तिकडे गेला नाही. आंबा उतरवायला गडीसुद्धा वेगवेगळे. मी झांज वाजवणारा. मला दोन्ही घरचा चहा मिळायचा, पण एका घरी दुसऱ्याचं नाव काढायचं नाही.

पखवाजवाल्याचे वडील गेले. बाराव्याच्या रात्री न बोलावता बुवा पेटी घेऊन ओटीवर येऊन बसले. कुणी काही बोललं नाही. त्याने आतून पखवाज आणला. त्या रात्री जे झालं ते जुनंच भजन, म्हणजे या धाग्याच्या अटीत बसत नाही.

खरी गंमत पुढे. बुवा साठीला आलेले. पूर्वी काळी चार पट्टीत (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गायचे, आता वरचा षड्ज लागेना. जुने गजर त्याच पट्टीत घेतले की गळ्याच्या शिरा दिसायच्या आणि ऐकणाऱ्यालाच दम लागायचा. शेवटी काळी एकवर आले. पट्टी उतरली की नुसती पेटीची बटणं बदलून भागत नाही. जुना पखवाज तिथे लागेना, मोठ्या तोंडाचा दुसरा आणावा लागला. त्याचा आवाज जड, बोल सावकाश उमटतात, त्यामुळे जुन्या चालीची सगळी चपळाई मेली. दोन शनिवार आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलो.

तिसऱ्या शनिवारी बुवा म्हणाले, "आता धाव, किती धावतस ता बघतंय." आणि मुद्दाम संथ सुरू केलेल्या अभंगावरून गजर असा बांधला की लय पखवाजाने वाढवायची आणि बुवांनी त्याच्या मागून जायचं. नेहमी उलटं असतं. म्हणजे ज्या एका वाक्यावरून मंडळ फुटलं, त्याचीच चाल झाली! गेली काही वर्षं घरोघरच्या गणपतीत लोक तोच गजर मागतात. पखवाजवाला अजून सांगतो की 2004 ला लय धावली नव्हती. बुवा अजून म्हणतात, धावली होती.

गावदेवीचा नाका, अलिबाग

आमचं उलट आहे, तेही लिहितो. बेंजो पार्टी होती. सुपारीच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या बोलीच्या पैशांवरून फुटली. खरं तर हळदीच्या सीझनमध्ये एकाच रात्री दोन सुपाऱ्या घेतल्या, कुठल्या हळदीला कोण जाणार यावरून. सात वर्षांनी परत जमलो. ट्रॉली नवीन, लाइट नवीन, टी-शर्ट नवीन, कच्छी ढोल नवीन. वाजवलं काय? तीच कोळीगीतं, मध्येच एखादं चालू हिंदी गाणं. वरातीत नाचणाऱ्याला ओळखीचं लागतं हे मान्य. पण बेंजोवाला घरी एकटा बसून स्वतःचं काहीतरी छान वाजवतो, ते आजपर्यंत रस्त्यावर आलेलं नाही. दोन सीझन झाले आणि परत फुटली. कारण विचारू नका, तेच.

सुरूचं बन, गुहागर

मी वर्क फ्रॉम होमवाला, त्यामुळे गुहागरात बसून इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बँडबद्दल लिहितोय, सांभाळून घ्या. स्लोडाइव्ह. 1995 ला त्यांचा 'पिग्मॅलियन' आला आणि रेकॉर्ड कंपनीने त्यांना सोडलं. तेव्हाची इंग्रजी संगीत-नियतकालिकं त्यांना झोडपून काढत होती. 2014 ला परत मंचावर आले, आणि 2017 मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम. बावीस वर्षांचं अंतर.

पहिल्यांदा ऐकला तो जुलैत, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. सुरूच्या बनातून वारा येतो तेव्हा एकेका झाडाचा आवाज ओळखू येत नाही, सगळा मिळून एक घोंगावणारा पडदा होतो. यांच्या गिटारी तशाच. जुन्या अल्बमांत तो पडदा इतका दाट की माणसं आत हरवायची. नव्यात पडदा तोच, पण ढोल पुढे आलेत आणि गाणारे दोघं स्पष्ट ऐकू येतात. वय वाढलं की माणूस कमी पुटपुटतो बहुतेक. (माझ्या बाबांना लागू नाही.) 2023 ला त्यांनी आणखी एक काढला, म्हणजे हे नुसतं आठवणींचं स्नेहसंमेलन नव्हतं.

याच घराण्यातले माय ब्लडी व्हॅलेंटाइन 1991 नंतर थेट 2013 ला नवा अल्बम घेऊन आले. रात्री वेबसाइटवर टाकला आणि वेबसाइट बसली. इतकी वर्षं थांबलेले लोक एकदमच आत शिरले, दुसरं काय होणार. मला स्लोडाइव्हचा जास्त आवडतो. माय ब्लडीचा ऐकताना ते जिथे थांबले होते तिथूनच उठले असं वाटतं. शेवटची दोन-तीन गाणी सोडून.

ओटीवरची, चिपळूण

मला इंग्रजी गाण्यांतलं फार कळत नाही, पण ॲबा हा स्वीडनचा चौघांचा ग्रुप कळतो. आमच्या वेळी कॉलेजच्या गॅदरिंगला दोन मुली ॲबावर नाचल्या नाहीत असं वर्ष जायचं नाही.

आम्हा सात-आठ जणींचा मंगळागौरीचा ग्रुप होता. मुलांची लग्नं, कुणाचे गुडघे, कुणाची सासू, असं करत बंद पडला. भांडण काही नाही, नुसता सुटला. मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी नदी घरात आली. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला एकमेकींकडे जायला लागलो, ती खरं तर ग्रुपची पहिली बैठक. माझ्या पेटीच्या भात्यातून गाळ निघाला. एक पट्टी दाबली तर बेडूक ओरडल्यासारखा आवाज, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्या जणी हसलो.

त्या श्रावणात मंगळागौर कुणाच्याच घरी नव्हती. पुढच्या वर्षी जमलो तेव्हा जुनी गाणी म्हणवेनात. झिम्मा-फुगडीची गाणी, सगळी माहेर-सासरची. तेव्हा आमच्यातल्या एकीने ओवी केली: "वाशिष्ठी बाई, उंबऱ्याशी ये, माडीवर चढू नको, पाहुणी म्हणून ये गं, घरधनीण होऊ नको." त्यात दरवर्षी भर पडते. ज्या घरी खेळायला जातो तिथे पाणी कुठवर आलं होतं, ते त्या घरच्या बाईने सांगायचं आणि आम्ही तिथल्या तिथे कडवं जोडायचं. खेळ मध्येच थांबतो, कुणीतरी डोळे पुसतं, परत फुगडी.

त्याच 2021 च्या नोव्हेंबरात ॲबाचा 'व्हॉयेज' आला, चाळीस वर्षांनी. भाच्याने मोबाइलवर लावून दिला. दोन्ही जोडप्यांचे घटस्फोट होऊन जमाना झालेला, आणि तरी चौघं एका गाण्यात. दोघी गायिका सत्तरीपार. आवाज खाली उतरलाय आणि त्यांनी तो लपवलेला नाही. वरच्या देवगडच्या बुवांचं वाचून तेच आठवलं.

नगारा, राजापूर

धाग्यात फारच गोड गोड चाललंय. इंग्लंडचेच तीन बँड घ्या. सेक्स पिस्टल्स 1996 ला परत आले तेव्हा त्यांनी दौऱ्याच्या नावातच पैशाचा उल्लेख केला होता. नवीन गाणं एक नाही. द पोलिस 2007-08 मध्ये जगभर फिरले, अल्बम नाही. लेड झेपेलिन 2007 च्या डिसेंबरात लंडनला एक कार्यक्रम करून घरी गेले. मला तर त्यांचंच पटतं. नवीन सुचत नसेल तर उगाच काढू नये. चांगलं आठवणीत राहू द्यावं.

रापण, मालवण

नगाराभाऊ, सुचत नाही कारण निवांतपणा नसतो. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत जाळी शिवायची, इंजिन खोलायचं आणि बाकी वेळ माणूस सापडतो. आमचा ऑर्केस्ट्रा याच बंदीत परत जमला. लग्नाच्या सीझनमध्ये एकालाही वेळ नव्हता आणि नारळी पौर्णिमेनंतर सगळे समुद्रात. जाळी शिवता शिवता कीबोर्डवाल्याने एक चाल गुणगुणली. सुई ज्या ठेक्याने चालते, तोच ताल. दोन गाणी झाली, दोन्ही आमची. फार भारी नाहीत, पण आमची आहेत.

ब्लर या इंग्रजी बँडचं असंच झालं. 2013 मध्ये टोकियोचा कार्यक्रम रद्द झाला आणि हे हाँगकाँगमध्ये पाच दिवस अडकले. करायला काही नाही म्हणून एका स्टुडिओत शिरून वाजवत बसले. नंतर ते ध्वनिमुद्रण पडून राहिलं. त्यांचा गिटारवाला ग्रॅहम कॉक्सनने ते उकरून बसतं केलं, गायक डेमन अल्बार्नने शब्द नंतर लिहिले, आणि 2015 ला 'द मॅजिक व्हिप' आला. हा कॉक्सन 2002 मध्ये बँडमधून बाहेर पडलेला माणूस. ठरवून बसले असते तर झालं असतं का, मला शंका आहे.

पुळण, वेंगुर्ले

आपल्याकडचंही कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. मुंबईचा बँड रॉक मशीन, 1984 पासूनचा. 1993 ला नाव बदलून इंडस क्रीड झाला, 1997 ला फुटला. मी तेव्हा मुंबईत हॉस्टेलला होतो, त्यांची कॅसेट खोलीत फिरून फिरून खरखरायला लागली होती. 2010 ला परत जमले, 2012 ला 'इव्हॉल्व्ह'. मला वाटलं होतं जुन्या उड्या मारणाऱ्या गाण्यांची नक्कल असेल. तर लांब, वळणं घेणारी, घाई नसलेली गाणी निघाली. तोवर मी गावी परतून काजूच्या धंद्यात पडलो होतो. बसमधून सावंतवाडीला जाताना पहिल्यांदा ऐकला आणि स्टॉप चुकवला.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी

@ओटीवरची, आणखी दोन-चार कडवी असतील तर टाका.

@हापूसवाला, आमच्या वाडीतलं मंडळ पंधरा वर्षांनी परत बसतंय, येत्या शनिवारपासून. बुवा बासष्टचे. काळी चारचाच हट्ट धरून आहेत.

हापूसवाला, देवगड

दोन शनिवार गाऊ देत काळी चारमध्ये. तोवर मोठ्या तोंडाचा पखवाज बघून ठेवा.