मंडळीच्या सेवकाच्या कबरीवर दगड कधी बसवावा?

प्रश्न (जालना): आमच्या मंडळीतले (चर्चमधले) जुने सेवक प्रभूत निजले. उपासनेआधी सतरंज्या अंथरायचे, घरी लेकरांना घेऊन रोज प्रार्थना करायचे. दगड आत्ताच बसवावा का? काय कोरावं?

उत्तर: घाई करू नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात कबरीची भर खचते, दगड कलंडू शकतो. एक पावसाळा जाऊ द्या. मग दीड फूट माती काढून मुरूम टाका, पाणी मारत थराथरानं ठोका, वर चार इंच काँक्रीट.

उत्तर: अक्षरं कोरूनच घ्या, नुसता रंग उन्हानं उडतो. कोरण्याआधी मजकूर घरच्यांना दाखवा, जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशी ताडा. वेलांटी चुकली की दगड वाया.

उत्तर: पदव्या नकोत. ‘मंडळीचा सेवक, लेकरांचा बाप’ एवढं पुरे. खाली पत्नीच्या नावाला जागा सोडा.